मेल, फिमेल आणि वॉशर

बाबा २०१४ साली पहिल्यांदा जर्मनीला माझ्याकडे आले, तेव्हा आठ दिवसांत मी त्यांना दोन किल्ले, मोटारींचं एक संग्रहालय, एक थोरलं चर्च आणि नेकार नदीवरची बोट असं सगळं दाखवून टाकलं. ते सज्जनपणे फिरले. चर्चच्या मनोऱ्याकडे मान वर करकरून बघितलं आणि म्हणाले, "इथं वर लागली तर पाणी कसं चढवत असतील?" किल्ल्यातल्या लाकडी तुळया बघूनही तेच. आई म्हणाली, "यांना नेऊन उपयोग नाही, यांना सगळीकडे जळकंच दिसतं."

नवव्या दिवशी आम्ही ब्रेड आणायला निघालो. बेकरीच्या अलीकडच्या वळणावर एक ठेंगणी, पिवळट इमारत आहे, तिला तीन मोठी लाल फाटकं. बाबा जागच्या जागी थांबले. त्या रस्त्यानं मी चार वर्षं ये-जा करत होते आणि मला ती इमारत नुसती इमारत वाटत होती. खरं तर मला तरी ओळखू यायला हवी होती.

कारण मी भायखळ्याच्या क्वार्टर्समध्ये वाढले. खाली बंब, वर आम्ही. बाबा मुंबई अग्निशमन दलात फायरमन म्हणून लागले आणि ३४ वर्षांनी लीडिंग फायरमन म्हणून निवृत्त झाले. घंटा झाली की मिनिटाच्या आत गाडी फाटकाबाहेर, मग ताटात काहीही असो. आई ताटावर ताट पालथं घालून ठेवायची. आमच्याकडे 'आग लागली' असं कुणी म्हणत नसे, 'वर्दी आली' म्हणत. सहा वर्षांची होईपर्यंत माझी समजूत होती की सगळ्यांच्याच बिल्डिंगला घंटा असते आणि सगळ्यांचेच बाबा जेवताजेवता उठून जातात.

तर त्या लाल फाटकांशी बाबा गेले, काचेला कपाळ टेकवून आत बघितलं. दोन गाड्या, चकचकीत. माणूस एकही नाही. बाजूच्या दाराची मूठ फिरवून पाहिली. कुलूप.

"स्टेशनला कुलूप?" बाबा इतके मनापासून दुखावलेले मी क्वचित पाहिलेत. "वॉच रूमला पण माणूस नाही? वर्दी कोण घेतं मग?"

मी मला माहीत होतं तेवढं सांगितलं. पगारी दल इथं मोठ्या शहरांत असतं, सगळ्या देशात मिळून शंभराच्या थोडं वर शहरांत. बाकी खेडीपाडी, तालुक्याची गावं, सगळी स्वयंसेवकांवर. असे स्वयंसेवक जर्मनीत जवळजवळ १० लाख आहेत. ११२ वर फोन केला की तो जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात जातो, तिथून या लोकांच्या कमरेचे पेजर वाजतात आणि ते घरून, दुकानातून, शेतातून पळत स्टेशनवर येतात.

"म्हणजे आधी आगीची माणसं गोळा करायची, मग आगीकडे जायचं," बाबा म्हणाले. ब्रेड घेऊन परत येईपर्यंत ते दुसरं काही बोलले नाहीत. दारावर एक कागद होता, त्यावर सरावाची वेळ होती: सोमवार, संध्याकाळी साडेसात. सोमवारी सव्वासातलाच ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते.

दलाचा प्रमुख, ज्याला तिथं कोमांडांट म्हणतात, धंद्यानं वायरमन होता. मी म्हटलं, माझे वडील मुंबईत ३४ वर्षं फायरमन होते. एवढं ऐकल्यावर चौघंजण हातातलं टाकून आले. त्यांनी बाबांना ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसायला सांगितलं. पाहुण्यांना, विशेषतः मुलांना, तेच आवडत असावं. बाबांनी नम्रपणे मान हलवली आणि सरळ गाडीच्या मागच्या बाजूला गेले. शटर वर केलेलं होतं. आत होजच्या गुंडाळ्या ओळीनं उभ्या. त्यांनी एक गुंडाळी उचलली, टोकाचं कपलिंग हातात घेतलं, दुसरं टोक शोधलं, तेही बघितलं. मग पुन्हा पहिलं. चेहरा असा की पत्त्यांच्या जोडात दोन इस्पिकचे एक्के निघावेत.

"पोरी, दोन्ही टोकं सारखीच आहेत."

ज्यानं कधी होज हाताळला नाही त्याला यात काही वाटणार नाही, म्हणून थोडं सांगते. आपल्याकडचं कपलिंग इंग्रजांच्या पद्धतीचं. होजच्या एका टोकाला मेल, दुसऱ्याला फिमेल. मेल आत ढकललं की स्प्रिंगच्या खुंट्या टक्कन बसतात. काढताना खुंट्या बाहेर ओढायच्या. पंपाचं तोंड फिमेल असतं, म्हणून होजचं मेल टोक पंपाकडे आणि फिमेल आगीकडे जायला हवं. आगीकडच्या टोकाला ब्रँच लागते, म्हणजे ज्यातून पाण्याची धार निघते ती पितळी नळी, आणि ती मेल असते. आता समजा, घाईत होज उलटा टाकला. शंभर फूट पळत गेलात, वर धूर आहे, लोक ओरडतायत, आणि हातात मेल टोक. ब्रँच पण मेल. दोन मेल एकमेकांना बसत नाहीत. शंभर फूट परत. बाबांच्या हातून भरतीच्या पहिल्या आठवड्यात हे झालं होतं, ड्रिलमध्ये. आगीत नव्हे, हे ते प्रत्येक वेळी आवर्जून सांगतात. तेव्हाच्या साहेबांनी शिक्षा म्हणून त्यांना तीन दिवस प्रत्येक होजचं टोक हातात धरून मोठ्यानं 'मेल', 'फिमेल' म्हणायला लावलं होतं. अख्खी क्वार्टर हसत होती.

जर्मन कपलिंग श्टॉर्त्स नावाच्या माणसानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढलं. त्यात मेल-फिमेल नाहीच. दोन्ही अर्धे हुबेहूब सारखे, प्रत्येकाला दोन आकडे. समोरासमोर धरायचे, दाबायचे, पाव फेरी फिरवायची. होज कसाही टाका, उलटा पडूच शकत नाही. बाबांनी ते लावलं, काढलं, लावलं, काढलं. आठ-दहा वेळा तरी. कोमांडांट कौतुकानं बघत होता. मग बाबा मला म्हणाले, "त्याला विचार, मग नव्या पोराला शिक्षा काय करतात?"

मी विचारलं. सगळे हसले. शिक्षा नाही, म्हणाले, पण नवीन आलेला वर्षभर होज गुंडाळतो. बाबांनी समाधानानं मान डोलावली. तेव्हापासून कुठल्याही देशातल्या स्टेशनवर त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो: नवा पोरगा पहिल्या दिवशी काय करतो?

त्या संध्याकाळी दुसरा प्रश्न पगाराचा निघाला. काही नाही, कोमांडांट म्हणाला. बाबांना वाटलं मी चुकीचं भाषांतर केलं, म्हणून त्यांनी आणखी दोनदा विचारायला लावलं. कामाच्या वेळेत वर्दी आली तर मालकाला सोडावंच लागतं आणि बुडालेली मजुरी नगरपालिका मालकाला भरून देते, एवढंच. बेकरीवाला होता त्यांच्यात. आम्ही रोज ज्याच्याकडून ब्रेड घ्यायचो तोच. एक शाळामास्तर, एक सुतार, पशुवैद्यकाकडे काम करणारी एक मुलगी. पहिली गाडी दहा मिनिटांत पोचली पाहिजे असा तिथल्या राज्याचा दंडक. बाबांनी मनातल्या मनात हिशेब केला. घरी जाताना म्हणाले, "माणसं चांगली आहेत. पण भट्टीत पाव असताना वर्दी आली तर तो पाव बघणार का वर्दी? हौसेनं आग विझत नाही."

निघताना कोमांडांटनं त्यांना दलाचा बाहीवर शिवायचा कापडी बिल्ला दिला. बाबांकडे द्यायला काही नव्हतं. हे त्यांना फार लागलं. "रिकाम्या हातानं गेलो," असं ते मुंबईला परतेपर्यंत म्हणत होते.

त्याच मुक्कामात १३ जुलैला आम्ही पॅरिसला होतो. तिथं १३ आणि १४ जुलैच्या रात्री फायर स्टेशनं लोकांना खुली करतात आणि अंगणात नाच होतो, ही पद्धत १९३७ पासूनची. दाराशी एक पिंप ठेवलेलं असतं, त्यात हवे तेवढे पैसे टाकून आत जायचं. बाबांना हे अजिबात रुचलं नाही. "स्टेशनात दारू?" वर्दी आली तर हे सगळे बाजूला कोण करणार, हे विचारायला त्यांनी मला तीन वेळा पाठवलं, आणि ड्यूटीवरची तुकडी वेगळी आहे हे त्यांना दाखवल्यावरच ते खुर्चीवर बसले. पॅरिसचं दल हे सैन्याचा भाग आहे. १८१० मध्ये ऑस्ट्रियाच्या राजदूताकडे नाच चालू असताना मोठी आग लागली, नेपोलियन स्वतः तिथं होता, आणि पुढच्याच वर्षी त्यानं जुनी व्यवस्था मोडून सैनिकांची बटालियन उभी केली. नाचात लागलेल्या आगीतून जन्मलेलं दल स्टेशनात नाच भरवतं, हे मी सांगितल्यावर बाबा पहिल्यांदा हसले.

तिथं त्यांना आवडलं ते एकच. या जवानांना रोज एका फळीवर चढावं लागतं. जमिनीपासून २ मीटर ४० सेंटिमीटरवर आडवी बसवलेली फळी, अंगावर सगळा पोशाख, डोक्यावर हेल्मेट, आणि नुसत्या हातांच्या जोरावर स्वतःला वर खेचून घ्यायचं. शिडीवरून लटकायची वेळ आली तर जमलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. नव्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना न विचारताच मिळालं. "रोज?" बाबा म्हणाले. "साहेब लोकांना पण?" साहेब लोकांना पण. ते बराच वेळ त्याच विचारात होते.

न्यूयॉर्कला आम्ही २०१७ मध्ये गेलो, भाऊ न्यू जर्सीत असतो म्हणून. लिबर्टी स्ट्रीटवर, जुळे मनोरे होते त्याच्या समोरच, इंजिन १० आणि लॅडर १० यांचं स्टेशन आहे. अमेरिकेत या दोन वेगळ्या तुकड्या. इंजिनवाले पाणी आणि होज बघतात, लॅडरवाले दारं फोडतात, माणसं शोधतात, धुराला वाट करून देतात. आपल्याकडे हे सगळं एकाच गाडीवरच्या माणसांनी करायचं. बाबा यावर भावाशी तावातावानं बोलत चालले होते आणि बोलता बोलता त्या स्टेशनच्या बाजूच्या भिंतीशी आले. ब्राँझची भिंत, ५६ फूट लांब, तीवर त्या दिवसाचं दृश्य कोरलेलं आणि खाली ३४३ नावं.

"एकाच दिवशी?" त्यांनी विचारलं. तारीख त्यांना माहीत होती, आकडाही माहीत होता. टीव्हीवर पाहिलेलं होतं. तरी विचारलं.

मुंबईच्या दलात १४ एप्रिल कुणाला शिकवावी लागत नाही. १९४४ साली त्या दिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज पेटलं, आत कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र. आमचे लोक डेकवर पाणी मारत होते तेव्हाच ते फुटलं. ६६ गेले. आम्ही पोरं दर वर्षी त्या दिवशी पांढऱ्या सॉक्समध्ये ओळीनं उभी राहायचो आणि बिगूल वाजत असताना कुणी हसलं तर घरी मार मिळायचा. बाबा त्या भिंतीपाशी हात मागे बांधून उभे होते, नावं डावीकडून वाचत. सगळी वाचली. भाऊ घड्याळ बघत होता, मी त्याला खुणेनं गप्प केलं. फाटक उघडं होतं, आत जाता आलं असतं, दोन फायरमन पर्यटकांशी बोलतही होते. बाबा आत गेले नाहीत. म्हणाले, "इथं नको. दुसरं बघू."

दुसरं सापडलं ते एका साध्या वस्तीत. तिथं आत कांदा परतल्याचा वास येत होता. हे लोक २४ तासांच्या पाळीला येतात, वर्गणी काढतात, स्वतः शिजवतात. आईला एकदम तिथं बरं वाटलं. नवा पोरगा? तो भांडी घासतो, जमिनी पुसतो, आणि सगळ्यात आधी टेबलावरून उठतो. भांडी घासणारा पोरगा समोरच होता, सिंकमधून त्यानं हात वर केला. बाबांनी कपलिंग बघायला मागितलं. इथं तिसराच प्रकार: आट्यांचं. नळाच्या जोडासारखं गोल गोल फिरवत बसायचं. बाबांनी ते लावून बघितलं आणि मराठीत म्हणाले, "तोवर घर जळून जाईल." मी भाषांतर केलं नाही. पण त्या माणसाला कळलं असावं, कारण त्यानं बाबांच्या हातातून ते घेतलं आणि एका तळहाताच्या फटक्यात गर्रकन फिरवून बसवलं. सरावाची गोष्ट.

परतताना गाडीत मी वाचून दाखवलं की १९०४ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोर शहर पेटलं तेव्हा वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब आणि माणसं आली, काही तर आगगाडीवर चढवून. पण बऱ्याच होजचे आटे तिथल्या हायड्रंटला बसेनात, कारण प्रत्येक शहराचे आटे निराळे. १५०० च्या वर इमारती गेल्या. त्यानंतर देशभर एकच माप ठरवायला सुरुवात झाली. बाबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "पाणी आहे, माणसं आहेत, आणि टोक बसत नाही. याच्यासारखी वाईट गोष्ट नाही बघ."

२०१९ मध्ये ते पुन्हा माझ्याकडे आले, तेव्हा रिकाम्या हातानं आले नाहीत. निघायच्या आधी नागदेवी स्ट्रीटला जाऊन त्यांनी ६३ मिलिमीटरच्या गनमेटल कपलिंगचा एक जोड विकत घेतला होता. घासूनपुसून, वॉशरला टाल्कम पावडर लावून, टॉवेलात गुंडाळून तो आईच्या चकलीच्या डब्याशेजारी ठेवला. विमानतळावर बॅग मशीनमधून गेली आणि यांना बाजूला बोलावलं. टॉवेल सोडला तर आत हा जडशीळ धातूचा गोळा. बाबांनी तिथल्या टेबलावर मेल-फिमेल जोडून दाखवलं, टक्क, आणि खुंट्या ओढून सोडवून दाखवलं. मागे रांग लागलेली. चकलीचा डबाही उघडावा लागला, आणि तो नीट बंद झाला नाही. कपलिंगमध्ये चकलीचा चुरा गेला, हे आईनं मला आल्या आल्या सांगितलं. म्हणजे दोष कुणाचा ते मी ठरवावं.

सोमवारी आम्ही गेलो. कोमांडांट तोच, केस पिकलेले. बाबांनी जोड टेबलावर ठेवला. सगळे भोवती आले. बेकरीवाल्यानं मेल हातात घेतलं, त्या पशुवैद्यकाकडच्या मुलीनं फिमेल, आणि ते दोघं ते श्टॉर्त्ससारखं फिरवून बसवायला बघू लागले. बाबा "नो, नो, पुश" म्हणत होते आणि खुशीत होते. कॉफी ओतलेली होती.

तेवढ्यात सगळ्यांच्या कमरा एकदम वाजल्या.

मी लहानपणी ते हजारदा ऐकलंय, वरून, खिडकीतून. समोर उभं राहून कधी पाहिलं नव्हतं. कुणी काही बोललं नाही. खुर्च्या मागे सरकल्या, भिंतीलगत ज्याच्या त्याच्या नावाचे पोशाख टांगलेले, विजारी बुटांत आधीच खोवून ठेवलेल्या. पायातले जोडे तिथंच टाकून त्यांनी बुटांत पाय घातले. बाबांचा हात आपोआप पुढे गेला, दोन पावलं टाकलीही त्यांनी. मग थांबले आणि पाठ भिंतीला लावून उभे राहिले, वाट मोकळी ठेवून. फाटकं वर गेली. पहिली गाडी गेली, मग रस्त्यावरून सायकल टाकत आणखी दोघं आले, शाळामास्तर आणि एक अनोळखी पोरगा, आणि दुसरी गाडी गेली.

बाबांनी घड्याळ बघितलं. "पहिली एक मिनिट दहा," ते म्हणाले. "आज इथंच होते म्हणून." थोड्या वेळानं: "दुसरी साडेचार. आणि ते घरून आले."

स्टेशनात आम्ही दोघंच. कॉफीच्या कपांतून वाफ येत होती. जमिनीवर जोडे विखुरलेले, एक बूट टेबलाखाली, त्याची जोडी दाराशी. बेकरीवाल्याच्या चपलेवर पीठ होतं. बाबा खाली वाकले आणि एकेक जोडी जुळवून ज्याच्या त्याच्या नावाखाली ठेवू लागले. कुणाचा कुठला ते त्यांना कसं कळत होतं कोण जाणे, पण फक्त एकदाच चुकले. मी मदत करायला लागले तर म्हणाले, "तू कप झाक." मी बशा पालथ्या घातल्या.

दीड तासानं लांबून इंजिनाचा आवाज आला. सायरन नाही, म्हणजे काम संपलेलं. मला वाटलं आता बाबा पुढे होऊन विचारतील, काय होतं, किती पाणी लागलं, कुणाला लागलं का. ते उठले आणि माझी पर्स माझ्या हातात दिली.

"चल."

"बाबा, ते आत्ता येतील. भेटून जाऊ की."

"आत्ता नको. दमलेले असतात. होज धुवायचे, गाडी परत लावायची, अंगाला वास. त्यात पाहुणा कशाला?"

"आणि कपलिंग?"

कपलिंग टेबलावर होतं, बेकरीवाल्यानं टाकलं तसंच, एक तुकडा इकडे, एक तिकडे. बाबांनी ते उचललं, जोडलं, टक्क, आणि कोमांडांटच्या कपाशेजारी ठेवलं. मग मला पर्समधून कागद काढायला लावला. ते सांगत गेले, मी जर्मनमध्ये लिहीत गेले. कुठलं मेल, कुठलं फिमेल. फिमेल नेहमी आगीकडे. काढताना खुंट्या दोन्ही एकदम ओढायच्या. पाणी चालू असताना ओढायचं नाही.

"आणि लिही," फाटकाकडे बघत ते घाईनं म्हणाले, "वॉशरमध्ये चकलीचा चुरा आहे, धुऊन घ्या."

चकलीला जर्मनमध्ये काय म्हणायचं ते मला सुचेना. मी बिस्किट लिहिलं.